पांझरेकाठचा फड

जळगाव,
मार्गशीर्ष

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं, बर्फाचे फोटोही पाहिले. इकडेही थंडी चांगली पडली आहे. बाजारात बामणोदची वांगी आली आहेत आणि रविवारी कुठल्या ना कुठल्या मळ्यातून कपाशीच्या काड्यांवर भरीत भाजल्याचा वास येतोच. तुझी आठवण निघते.

आधी लेकीच्या प्रश्नाचं. रविवारच्या मराठी शाळेत तिला नाना फडणवीसांवर चार ओळी लिहायच्या आहेत आणि ती विचारते, यातला ‘फड’ म्हणजे काय. तिला सांग, नानांचं आडनाव भानू. बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, मृत्यू १८००. फडणवीस हा हुद्दा. पेशव्यांच्या मोठ्या कचेरीला फड म्हणत. मुलखाचा जमाखर्च, सनदा, नेमणुका, इनामांच्या नोंदी हे सगळं त्या फडात चाले, आणि तिथल्या लिहिण्यावर ज्याची नजर तो फडणवीस किंवा फडणीस. हा हुद्दा फारसी ‘फर्द’वरून, म्हणजे हिशेबाच्या कागदावरून आला असंही बरेच जाणकार सांगतात. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, ते तर उघडच फारसी. शाळेपुरतं एवढं बस झालं.

तुला मात्र एवढ्यावर सोडणार नाही. तू धरणगावची, मी साक्रीकडची. एकाच खानदेशातल्या आपण, पण तुझा फड वेगळा आणि माझा वेगळा. तुला हा शब्द म्हटला की ढोलकी ऐकू येणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. कॉलेजात असताना तुमच्या गावच्या यात्रेला मी आले होते. तमाशाचा फड लागला होता आणि आपल्याला अर्थातच जायला मनाई. मग रात्री जेवणं आटोपल्यावर तुझी आजीच आपल्याला शिडीवरून धाब्यावर घेऊन गेली. गोधडी पांघरून आपण तिघी बसलो होतो. गण झाला, गवळण झाली, बतावणीतल्या अहिराणी कोट्यांवर खालून हशा उसळायचा, आणि आजी प्रत्येक कोटी आपल्या आधी ओळखायची. वग सुरू झाला तेव्हा तू झोपून गेली होतीस. मी जागी होते.

या फडाची भाषाच निराळी आहे. फड लागतो, फड उभा राहतो, फड रंगतो, आणि दिवस फिरले की फड मोडतो. मोडला म्हणजे तंबू पडला असं नाही. ढोलकीवाला एकीकडे गेला, सोंगाड्या दुसऱ्या मालकाकडे गेला, कलावंतिणी घरी गेल्या, म्हणजे फड मोडला. फड म्हणजे ती माणसं आणि त्यांनी एकत्र राहायचा केलेला करार. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात अशा फडांच्या राहुट्या ओळीने लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला तिथे जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा फड तर अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होता. ऐन हंगामात प्रयोग चुकवायचा नाही, अंगावर ताप असला तरी उभं राहायचं, ही फडाची शिस्त. बाहेरून पाहणाऱ्याला नुसती रंगरंगोटी दिसते. आत फार कडक जीवन असतं ते.

आणि हाच शब्द पंढरीच्या वाटेवर भेटतो तेव्हा किती लोकांना नवल वाटतं! वारकऱ्यांचेही फड असतात. देहूकरांचा फड, वासकरांचा फड, आजरेकरांचा फड. एका महाराजांच्या परंपरेतल्या दिंड्या, त्यांची टाळकरी मंडळी, त्यांचं कीर्तन, त्यांची भजनाची चाल, हे सगळं मिळून फड. कोणाची दिंडी रथापुढे चालायची, कोणाची मागे, कुठल्या तिथीला कोणी कीर्तन करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि त्यावरून वाद झाले तर ते मोठ्या जिद्दीने लढवले जातात. आपल्या मुक्ताईची पालखी महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. त्या वाटेवर गेलेल्या माझ्या आत्या ‘फडावर गेले होते’ असं बोलायच्या तेव्हा त्यांच्या मनात तमाशाचा विचारही येत नसे. लावणी आणि अभंग या दोघांनीही एकच शब्द वापरावा आणि कुणालाही त्यात अडचण वाटू नये, हा मराठीचा मोठेपणा मला फार आवडतो.

उसाच्या फडाबद्दल जास्त सांगायला नको. तोडणीला आलेलं उसाचं शेत म्हणजे फड. ऊस फार दिवस उभा राहिला की त्याला तुरा येतो आणि आतली साखर उतरते, म्हणून तोडणीची घाई. आपल्याकडून चाळीसगाव तालुक्यातून कितीतरी जोडपी दिवाळीनंतर फडावर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. दोन माणसं आणि मोजताना एक हत्यार. हा शब्द ऐकला की मला दर वेळी राग येतो, आणि तो येत राहावा असंच वाटतं.

कोल्हापूरकडे कुस्तीचाही फड असतो. आपण इकडे ‘दंगल’ म्हणतो, त्यामुळे तो अर्थ आपल्या अंगवळणी पडलेला नाही. सभा गाजवणारा ‘फड जिंकतो’ हे वर्तमानपत्रात रोज वाचतेस. बांधावरच्या निवडुंगाचा फड आणि नागाचा फडा हे मात्र मला निराळ्याच घराण्यातले वाटतात, त्यांना इथे ओढत नाही.

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. फड शब्दापाशी त्याने कचेरी, सौद्याची पेठ, जुगाराचा अड्डा, जमाव असे अर्थ एकापाठोपाठ मांडले आहेत. हे सगळे अर्थ माणसं जमण्याचे आहेत, आणि नुसतं जमण्याचे नाहीत, काही नेम ठरवून जमण्याचे आहेत. बाजारातल्या गर्दीला कोणी फड म्हणत नाही. त्याच पेठेत बोली लावायला ठरल्या जागी मंडळी बसली की झाला फड. ही गोष्ट मनात ठेव आणि आता माझ्या माहेरी चल.

आमची पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरातून निघते, साक्री तालुका ओलांडते, धुळ्यात एकवीरा देवीच्या देवळाशेजारून वाहते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. या नदीवर, आणि तिकडे बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर, जुन्या लोकांनी ठिकठिकाणी दगडी बंधारे घातले. ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांची असं सर्वसाधारणपणे मानतात. १८८०च्या खानदेश गॅझेटियरातही या बंधाऱ्यांची नोंद आहे. पात्रात खडक वर आलेला असेल अशी जागा बघायची आणि तिथे चुन्यात दगड बसवायचा. पाणी कोंडून ठेवायचं नाही. नुसतं वर उचलायचं आणि काठाकाठाने पाटात वळवायचं. जास्तीचं पाणी बंधाऱ्यावरून पुढे जायचं. वरच्या गावाने भिजवलेल्या वावरातून झिरपलेलं पाणी पुन्हा नदीत उतरे आणि खालच्या गावाचा बंधारा तेच पाणी पुन्हा उचले. पाट कुठे दोन किलोमीटरचा, कुठे दहा-बारा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून वावरात जाणारे सारंग, आणि फाजील पाणी काढून द्यायला सांडवे.

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला म्हणायचे थळ. थळाचे साधारण चार भाग करायचे आणि त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक फड. लहान असला तर दहा हेक्टरांचा, मोठा असला तर दोनशेचा. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू किंवा दुसरं हंगामी पीक, एक फड पडीत. पुढच्या वर्षी पाळी फिरायची. कुठल्या फडात काय लावायचं हे एकटा शेतकरी ठरवत नसे. गावाचे पंच बसून, नदीकडे बघून, पाऊस कसा झाला ते बघून ठरवत.

आता यातली खरी मेख सांगते. कुणाचीच जमीन एका जागी नव्हती. बहुतेक प्रत्येक घराचा एक-एक तुकडा प्रत्येक फडात असे, आणि तेही लांबट पट्टे, म्हणजे पाण्याजवळ एक आणि शेपटाला दुसरा असा भेद कमी व्हावा. नदीला पाणी कमी आलं की पंच सांगत, यंदा दोनच फड भिजवायचे. मग सगळ्यांचाच तिथला तुकडा भिजे आणि सगळ्यांचाच उरलेल्या फडांतला तुकडा कोरडा राही. पाटलाचाही आणि दीड बिघेवाल्याचाही. आजकाल आपण ज्याला शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा प्रश्न म्हणतो, तो त्या लोकांनी जमिनीच्या वाटणीतच सोडवून ठेवला होता. मला हे नवीन कळलेलं नाही, तरी दर वेळी सांगताना अंगावर काटा येतो.

पाण्याला मालकाने हात लावायचा नाही. पाणी देणार पाटकरी. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या पाटकऱ्याला मी कितीदा पाहिलंय. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर पावडं. सारंगाच्या तोंडाशी यायचा, दोन घावांत माती बाजूला करायचा, तीच ओली माती आणि मूठभर गवत पुढच्या तोंडाला लावून ते बंद करायचा. मग तसाच उभा. पाणी वाफ्यातून पसरत पसरत पार लांबच्या कोपऱ्याला लागेपर्यंत हलायचा नाही. तिकडे जाऊन पायाचा अंगठा मातीत रोवून बघायचा, ओल किती खोल गेली. समाधान झालं की परत येऊन तोंड बंद, आणि पुढच्या वावरात. ते वावर कोणाचं हे त्याने कधी विचारलं नाही. माझे वडील बांधावर उभे असायचे, पण ‘अजून थोडं राहू दे’ असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. म्हणायची रीतच नव्हती. पाटकऱ्याच्या जोडीला हवालदार, आणि पिकाची राखण करायला जागल्या. सुगीला खातेदार आपापल्या पिकातून त्यांचा वाटा द्यायचे. पाटातला गाळ काढायच्या दिवशी घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. न जाणाऱ्याला दंड.

हे सांगताना मी डोळे मिटून घेत नाही. फडाचा न्याय हा खातेदारांमधला न्याय होता. ज्याच्या नावे जमीनच नाही, त्याला फडात जागा नव्हती. जागल्या बहुधा भिल्ल असायचा. रात्रभर दुसऱ्याचा ऊस राखायचा, पंचांत मात्र तो बसत नसे. आणि पाटावर राबणाऱ्या बायांना पंचांत बोलवावं असं त्या काळी कुणाला सुचलंही नाही. पण म्हणून त्या व्यवस्थेतली अक्कल खोटी ठरत नाही. इतक्या लोकांनी, इतकी वर्षं, सरकारचा शिपाई उभा न करता पाणी वाटून घेतलं, ही साधी गोष्ट नाही.

आता तिथे काय आहे म्हणशील तर, थोडं आहे, बरंच गेलं. स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं बारमाही वाहणं थांबलं आणि पाणी सरकारी पाळीने येऊ लागलं. धुळे शहराची तहान वाढली. विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी, तो आपल्या मनाचं पीक घेणार. त्याने पंचांचं का ऐकावं? बंधारे गाळाने भरले, काही पुरात फुटले ते तसेच राहिले. काही गावांत अजून पाट वाहतो, पाटकरी आहे, पण फडाचा नेम सैल झालाय. गेल्या खेपेला माहेरी गेले तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “आते कसाना फड? घरोघर मोटारी उन्यात.” आणि लगेच उठून मला बंधारा दाखवायला घेऊन निघाले. वयाला न शोभेल इतक्या झपाझप चालत होते. दगड कुठे निखळलाय, पाट कुठे दाबला गेलाय, कोणी त्यावर रस्ता टाकलाय, सगळं त्यांना पाठ. वाटेत प्रत्येक फडाची हद्द हाताने दाखवत होते. मला सगळीकडे नुसती कपाशी आणि कांदा दिसत होता. त्यांना चार फड दिसत होते.

त्यानंतर मी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसले. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. दारोदार फिरून कागद गोळा करणाऱ्या त्या माणसाला शब्दांचंही तेवढंच वेड होतं. त्यांच्या नावाच्या घरात बसून कोश उलटायचे म्हणजे आपोआप पाठ ताठ होते. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे १९३२ ते १९३८मध्ये निघालेले सात खंड चाळताना मला एक गोष्ट खुपत राहिली. पुण्यातल्या कचेरीचा फड जगला, कारण कचेरीत लिहिणारे होते. तमाशाचा जगला, कारण त्याला गाणारे होते. पाटकरी ना लिहिणारा ना गाणारा. त्याचा फड त्याच्या पायांत होता. म्हणून मी आता एक वही घातली आहे. थळ, चारी, सारंग, सांडवा, पाटकरी, जागल्या, असा एकेक शब्द आणि त्याच्यासोबत तो वापरणाऱ्याने सांगितलेलं एक-एक वाक्य. अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच उतरवते, सरळ करत बसत नाही. काकांसारखी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, त्यामुळे मला घाई आहे.

तू म्हणशील, गेलेल्या गोष्टीचं काय एवढं. पण ती गेलेली कुठे आहे? २००५मध्ये राज्याने कायदा केला, सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी करायचं. पाणी वापर संस्था काढा, पाणी मोजून घ्या, आपसांत वाटा. चांगला कायदा आहे. पण धुळ्या-साक्रीत तो समजावून देताना फडाचं नाव घेतलं तर म्हातारा माणूस मान हलवील, ‘हे तर आपलंच’ म्हणेल. नाव न घेता नुसते अर्ज वाटले तर ते सरकारचं काम वाटेल. हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय आणि सांगत राहणार आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्शियात पाण्याचे पंच दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारात बसतात, तोंडी तक्रारी ऐकतात आणि तिथेच निकाल देतात. २००९मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. लोक लांबून बघायला येतात. आपल्या पांझरेच्या बंधाऱ्यावर मात्र साधी पाटी नाही. धुळ्याच्या शाळांतल्या मुलांची सहल एकदा तरी तिथे जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आणि मिळून नियम करायची, ते पाळायची ताकद त्या मातीतून गेलेली नाही. साक्री तालुक्यातलंच बारीपाडा बघ. आदिवासी पाड्याने आपला डोंगर आपण राखायचा ठरवलं, कुऱ्हाडीला बंदी घातली, मोडणाऱ्याला दंड लावला, आणि ओसाड डोंगरावर जंगल परत उभं केलं. त्या कामाबद्दल चैत्राम पवारांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. त्याला तिथे कोणी फड म्हणत नाही, पण मी माझ्या वहीत त्याचीही नोंद केली आहे.

आता तुझ्याकडे एक काम. तुमच्या बो नदीवर कॅलगरीतच बांध घालून पूर्वेकडच्या शेतांना कालव्याने पाणी नेलंय, असं मी वाचलं. तिथे दार कोण उघडतं? शेतकरी स्वतः, की आपल्या पाटकऱ्यासारखा नेमलेला माणूस? नदीला पाणी कमी असलं तर कोणाचं आधी तोडतात आणि ते कोण ठरवतं? त्या माणसाला ते काय म्हणतात, तेही विचार. उन्हाळ्यात कालव्याच्या बाजूला फिरायला गेलात तर भावजींना सांगून दाराजवळचा एक फोटो काढून पाठव. तू इकडे आलीस की आपण साक्रीला जाऊ. काका आहेत तोवर ये.

लेकीला आशीर्वाद, भावजींना नमस्कार. उत्तर सविस्तर लिही, दोन ओळींत गुंडाळू नकोस.

तुझीच